गंजक्या तलवारीचे निर्लेखन

आमच्या लेकीचा आणि माझा फोन एक्केचाळीस सेकंदांत संपतो. हे मी अंदाजाने सांगत नाही, फोनच्या पडद्यावर दिसतं. "जेवलीस का?" "जेवले." "ऑफिस बरं चाललंय?" "चाललंय." "तब्येत?" "बरी आहे." एवढं झालं की मी "घे, आईशी बोल" म्हणतो आणि फोन बायकोच्या हाती देऊन मोकळा होतो. मग त्या दोघी पाऊण तास बोलतात. कशाबद्दल बोलतात ते मला आजवर कळलेलं नाही, कारण विचारलं की ही म्हणते, "काही नाही, असंच."

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली त्याला आठ महिने झाले होते. आता एकुलती एक मुलगी लांब गेल्यावर बापाला काही वाटत नाही असं नाही. वाटतं. पण वाटणं आणि बोलणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या भांडारात गेली. एकतीस वर्षं. तिथे पाइप, व्हॉल्व्ह, नळाच्या तोट्या आणि वायसर असतात. माझ्या सहीशिवाय एक वायसर बाहेर पडत नाही, असा माझा लौकिक आहे.

म्हणून एक दिवस एकोणचाळिसाव्या सेकंदाला लेक म्हणाली, "बाबा, माझा टीव्हीवर खेळायचा जुना कन्सोल घरीच आहे. दर रविवारी अकरा वाजता आपण दोघं खेळू या का? मी इथून, तुम्ही तिथून." तेव्हा मी चटकन हो म्हणालो. काय खेळायचं हे विचारलंच नाही. मला वाटलं, पत्ते असतील.

ते पत्ते नव्हते. खेळ असा की, एका डोंगराखाली तळघर आहे. त्याच्याखाली आणखी तळघर. असे एकोणीस मजले खाली जायचं आणि वाटेत जो दिसेल त्याला तलवारीने कापून काढायचं. सर्वांत खाली एक अवाढव्य राक्षस बसलेला असतो. तो मेला की खेळ संपला. का मारायचं, कोणी सांगितलं, मंजुरी कोणत्या तारखेची, यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. माझ्यासाठी लेकीने एक दाढीवाला वीर बनवून ठेवला होता. किंचित पोक काढलेला. "तुमच्यासारखाच केलाय," ती म्हणाली, "फक्त दंड वेगळे आहेत."

हातात जे धरायचं त्याला ती कंट्रोलर म्हणते, मी रिमोट म्हणतो. त्याला सोळा बटणं आहेत आणि माणसाला अंगठे दोनच आहेत, हे बनवणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसावं. पहिल्या दिवशी सराव म्हणून मी एकटाच बसलो. माझा वीर वीस मिनिटं एका भिंतीत डोकं घालून चालत होता. ही भाजी निवडत शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "भिंतीशी काय भांडण आहे तुमचं?"  त्यानंतर मी भिंतीपासून सुटलो आणि लगेच मेलो. मला एका उंदराने मारलं. राक्षसाने मारलं असतं तर माणूस चारचौघांत सांगू तरी शकला असता.

पण माझी खरी पंचाईत वेगळीच होती. त्या तळघरात सगळीकडे वस्तू पडलेल्या असतात. मोडक्या ढाली, फुटकी शिरस्त्राणं, कुणाचे तरी बूट, हाडं, दोऱ्या. लेक नुसती त्यांच्यावरून धावत जायची. मला ते बघवेना. मी भांडारातला माणूस. बेवारस वस्तू जमिनीवर पडलेली दिसली की माझ्या जिवाला घोर लागतो. मी एकेक उचलत सुटलो. खेळाचा नियम असा की ओझं फार झालं की वीर धावत नाही, चालतो. माझा वीर पहिल्या रविवारपासून चालतच होता. शिवाय जखम भरून काढायला लाल औषधाच्या बाटल्या मिळतात, त्यांतली मी एकही उघडली नाही. पुढे अडीअडचणीला लागल्या तर? तीनशे दहा बाटल्या कमरेला बांधून मी उंदरांच्या हातून मरत होतो. लेक म्हणायची, "अहो बाबा, प्या ना एक." मी म्हणायचो, "बघू, अजून तितकं लागलेलं नाही," आणि तेवढ्यात मेलेला असायचो.

तरीही एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी मी वाटेल तेवढे उंदीर सोसले असते. मी रमतगमत येणार म्हणून लेक प्रत्येक दारापाशी थांबायची. आणि थांबल्यावर माणूस करणार काय? ती बोलायची. कानावर बोलण्यापुरता हेडफोन, समोर अंधारा जिना, वर माझा वीर ओझ्याने वाकून एकेक पायरी उतरतोय, आणि खाली थांबून ती सांगतेय की तिची साहेबीण सगळ्यांसमोर टाकून बोलते, की तिच्या खोलीतला नळ गळतो, की शेजारची मुलगी झोपेत गाते. नळाबद्दल मी तिला वायसर बदलायला सांगितलं, तर दुसऱ्या रविवारी म्हणाली, "बदलला. थांबला गळायचा." माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढं समाधान मला कुणी दिलेलं नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही एक तास दहा मिनिटं बोललो. ही स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. खेळ संपल्यावर तिने विचारलं, "एवढं काय बोलत होतात?" मी म्हणालो, "काही नाही, असंच."

आता माणूस एवढ्यावर सुखी राहायला काय हरकत होती? पण सुख आमच्या इमारतीला मानवत नाही. चौथ्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. ते आमच्या खालीच राहतात. नोटिशीत लिहिलं होतं, 'आपल्या सदनिकेतून वेळी-अवेळी हिंस्र गुरगुराट व हाणामारीचे आवाज येत असून रहिवाशांत कौटुंबिक स्वरूपाची चर्चा सुरू आहे.' मी त्यांना पडदा दाखवला. ते दोन मिनिटं उभे राहून बघत होते. मग खुर्ची ओढून म्हणाले, "हा असा समोरून का जातोय? डावीकडून घाला की त्याला." त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी यायला लागले. नोटीस मागे घेतली नाही, पण चहा घेत राहिले.

त्यांच्या पाठोपाठ समोरचे शेरेबहाद्दर आले. हे निवृत्त लेखापरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. स्वतःच्या लग्नपत्रिकेवरही 'तारखेची खातरजमा व्हावी' असं लिहिलं होतं म्हणतात. त्यांनी माझ्या वीराकडे बघितलंच नाही. ते थेट पेटीकडे वळले.

पेटी म्हणजे, तळघराच्या तोंडाशी एक छावणी आहे, तिथे आम्हा बापलेकीची मिळून एक पेटी होती. मी गोळा केलेलं सगळं तिच्यात टाकायचो. तिला दोनशे खण, आणि दोनशेही भरलेले. शेरेबहाद्दर म्हणाले, "याची नोंदवही कुठे आहे?" मी म्हणालो, "नाही." माझ्या तोंडून 'नाही' गेलं. एकतीस वर्षांत हा शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो.

नेमकं त्याच रविवारी लेकही म्हणाली, "बाबा, पेटीत जागाच नाहीये. नको ते जरा काढून टाका ना. तुम्हीच भरलंय सगळं."

बस्स. म्हणजे निर्लेखन. ज्यांनी सरकारी भांडार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू रीतसर दप्तरातून उडवणं. हे एकट्याने करायचं नसतं. समिती लागते. मी शनिवारी दुपारी तीनला सभा लावली. अध्यक्ष मी, सदस्य शेरेबहाद्दर आणि सेक्रेटरी. हिला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. ती आली, मी आठवडाभरात तयार केलेली दोनशे ओळींची नोंदवही बघितली आणि म्हणाली, "पोरीला विचारून करा काय ते."

मी म्हणालो, "विचारायचंच असतं तर समिती कशाला नेमली असती?"

ही उठून गेली. इतिवृत्तात मी 'निमंत्रित सदस्यांनी सभात्याग केला' असं लिहिलं.

काम मात्र चोख झालं, हे मी अजूनही म्हणेन. प्रत्येक वस्तू पडद्यावर उघडायची, स्थिती सांगायची, शेरा मारायचा. एका कवटीवर वीस मिनिटं वाद झाला. सेक्रेटरींचं म्हणणं, शोभेची आहे, ठेवा. शेरेबहाद्दर म्हणाले, "शोभेच्या वस्तूंसाठी वेगळी वही लागते." कवटी गेली. साडेपाचच्या सुमारास एकशे त्र्याण्णव नंबरच्या खणात एक तलवार निघाली. गंजकी तलवार. खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटाला फुकट मिळते तीच. ताकद दोन. माझ्या बाकीच्या तलवारींची ताकद चारशेच्या वर. ती पेटीत मी ठेवलेली नव्हती, म्हणजे लेकीने कधीतरी ठेवली असणार, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. हे मी लपवणार नाही. पण तीन वर्षं वापर नाही म्हणजे वस्तू निकामी, हा नियम मीच खात्यात लावून घेतलेला. 'कालबाह्य. वितळवण्यास हरकत नाही.' तीन सह्या झाल्या.

छावणीत एक लोहार आहे, त्याच्या भट्टीत वस्तू टाकली की लोखंडाचा गोळा मिळतो. तलवार टाकताना खेळाने विचारलं, 'ही वस्तू परत मिळणार नाही. नक्की?' मी हो म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं. आमच्या खात्यात एवढं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला लेक खेळात आली. आम्ही अठराव्या मजल्यावर होतो. त्या दिवशी एकोणिसावा, म्हणजे तो अवाढव्य राक्षस. तिच्या आवाजातच उत्साह होता. म्हणाली, "बाबा, पेटीत माझी गंजकी तलवार आहे बघा, ती आज तुम्ही घ्या."

मी म्हणालो, "तिची ताकद दोन आहे."

"माहितीये. तरी घ्या. हा खेळ मी पहिल्यांदा तिच्यावरच संपवला होता. परीक्षेत नापास झाले होते ना, तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलत नव्हता. तेव्हा खोलीत बसून दुसरं काय करणार? चांगली तलवार घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं. म्हटलं हिच्यावरच जमतंय का बघू. जमलं." ती हसली. "म्हणून म्हटलं, आज ती तुमच्या हातात देऊ."

 मग मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणालो आणि प्लग काढला.

पुढचा आठवडा मी पळवाटा शोधण्यात काढला. खेळ बनवणाऱ्या कंपनीचा मदत कक्ष असतो. तिथे वस्तू परत मिळवण्यासाठी अर्ज करायला गेलो तर खातं लेकीच्या नावावर. ओळख पटवण्यासाठी तीन प्रश्न आले. पहिल्या वर्गशिक्षिकेचं आडनाव काय? लहानपणी कशाची भीती वाटायची? जवळची मैत्रीण कोण?  तीन चुकीची उत्तरं दिल्यावर अर्ज एक दिवसासाठी बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तेच प्रश्न सहज विचारल्यासारखे मोठ्याने वाचले. हिने कणीक मळता मळता, मागे वळूनही न बघता, तिन्ही उत्तरं दिली. लहानपणी माझ्या लेकीला शिट्टीची भीती वाटायची. प्रेशर कुकरच्या. मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपण स्वेच्छेने दोनदा संमती देऊन नष्ट केलेली वस्तू परत देता येत नाही. आपल्या समाधानासाठी आम्ही सदैव तत्पर आहोत. प्रकरण बंद.' मसुदा इतका चोख होता की लिहिणाऱ्याला आमच्या खात्यात घ्यावं असं वाटलं. असं पत्र मी आजवर शेकडो लोकांना पाठवलं असेल. मिळालं होतं पहिल्यांदाच.

शेवटी शेरेबहाद्दरांनी मार्ग काढला. "ही तलवार प्रत्येक नव्या खेळाडूला मिळते ना? मग नवा खेळाडू उघडा, तलवार घ्या, पेटीत टाका आणि तो खेळाडू बंद करा. संख्या जुळली की तपासणी संपली."

गायब मालाच्या जागी तसाच दुसरा माल ठेवून संख्या जुळवणं हा भांडारातला सर्वांत जुना गुन्हा आहे. त्यासाठी मी दोन माणसांना निलंबित केलंय. त्यातला एक रडला होता, आणि मी त्याला 'रडणं हा खुलासा होत नाही' असं सुनावलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी नवा खेळाडू उघडला, तलवार घेतली, एकशे त्र्याण्णव नंबरच्या खणात ठेवली. सेक्रेटरी दाराकडे लक्ष ठेवून उभे होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रविवार. अकरा. लेक म्हणाली, "गेल्या वेळी नेटने घात केला. काढा तलवार."

मी काढली. तिच्या वीरांगनेने ती हातात घेऊन बघितली.  

"बाबा," ती म्हणाली, "तलवारीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. हिने किती जणांना मारलं ते. माझ्या तलवारीवर चार हजार एकशे बारा होते."

मी चष्मा वर केला. खाली लिहिलं होतं, शून्य.

"माझी कुठे आहे?"

"अगं, ते काय झालं, पेटी भरली होती, तूच म्हणालीस. मग समितीने रीतसर..."

"समिती?"

"तीन सदस्यांची."

 तिची वीरांगना आणि माझा वीर राक्षसाच्या दारात ओळखदेख नसल्यासारखे उभे होते. मी म्हणालो, "हे बघ, माझं ऐकून तर घे."

"तोंडी नको," लेक म्हणाली. "लेखी खुलासा द्या. मोबाइलवर पाठवा. मी थांबते."

आवाज चढवला नव्हता तिने. शांतपणे म्हणाली. आणि मला ते दोन महिने आठवले. ती नापास झाली त्या संध्याकाळी मी तिच्याकडे लेखी खुलासा मागितला होता. एकोणीस वर्षांच्या पोरीकडे, जेवणाच्या टेबलावर. तिने लिहून दिला, तो मी 'मोघम आहे' म्हणून परत केला. दुसरा दिला, तोही परत केला. तिसरा तिने दिलाच नाही. मी त्याची वाट बघत दोन महिने गप्प बसलो, आणि वर मलाच वाटत राहिलं की तीच बोलत नाही.

मी लिहायला घेतलं. 'उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, पेटीतील जागेच्या टंचाईमुळे विहित कार्यपद्धतीनुसार निर्लेखनाची कार्यवाही करण्यात आली. तथापि अनवधानाने...' पाठवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, 'मोघम आहे.'

दुसरा लिहिला. त्यात समितीचे ठराव, सभेची वेळ, सदस्यांची मतं सगळं घातलं. जबाबदारी तिघांत समान वाटली. उत्तर आलं, 'कोणी केलं ते लिहिलेलं नाही.'

खरंच लिहिलेलं नव्हतं. 'कार्यवाही करण्यात आली' या वाक्यात कार्यवाही असते, माणूस नसतो. त्याच्या आडोशाला मी एकतीस वर्षं सुखाने राहिलो. ही कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.  मी मोबाइल हातात घेऊन बसलो होतो.  

तिसरा खुलासा दोन वाक्यांचा झाला. 'चूक मी केली. तेव्हाही मीच केली होती.'

पाठवला.  मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "आई आहे का तिथे?"

मी मागे बघितलं. ही स्वयंपाकघरात निघून गेली होती आणि तिने दार लोटून घेतलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग आता तोंडी सांगा," लेक म्हणाली.

लेखी सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुरुवात कुठून करावी हेच सुचेना. दोनदा अडखळलो, तेव्हा ती "हं" म्हणाली आणि थांबली. राक्षस आत गुरगुरत होता. त्याच्याकडे आम्ही गेलोच नाही. खालून सेक्रेटरींनी झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकलं. बारा वाजले, मग एक. त्या दीड तासात मी काय काय बोललो, याची कुठेही नोंद ठेवलेली नाही.